उपासनेत उमेदवाराचं नाव

पत्र

ताई, जय ख्रिस्त.

माझं माहेर नगरचं. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, वडील निवृत्त पाळक. लग्नानंतर मी टेक्सासला आले. डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात आम्ही राहतो. मिस्टर आयटीत आहेत आणि आता अमेरिकन नागरिक आहेत. माझं अजून ग्रीन कार्डच आहे, नागरिकत्वाचा अर्ज यंदा भरायचाय. आमचं चर्च बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट परंपरेतलं, पण पाटीवर तसं लिहिलेलं नाही. एक गोष्ट आधीच सांगते. धाकटीच्या बाळंतपणात इथे माझं कोणी नव्हतं, तेव्हा याच चर्चच्या बायका रोज आळीपाळीने जेवण आणून देत होत्या. त्यामुळे मी जे लिहितेय ते लिहिताना माझाच हात अडतोय.

गेल्या काही महिन्यांत उपदेशाचा सूर बदललाय. पाळक २ इतिहास ७:१४ वाचतात आणि म्हणतात, हे वचन अमेरिकेला दिलेलं आहे. मागच्या रविवारी त्यांनी एका उमेदवाराचं नाव घेतलं आणि म्हणाले, "खरा ख्रिस्ती दुसऱ्या पक्षाला मत देऊच शकत नाही." लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मिस्टरही उभे होते. उपासनेनंतर लॉबीत मतदार नोंदणीचं टेबल असतं, ते मिस्टरच सांभाळतात. तिथल्या एका प्रेमळ आजींनी माझ्याही हातात फॉर्म दिला, "भरून टाक गं, सगळेच भरतायत." मी तो पर्समध्ये ठेवलाय.

घरी विषय काढला की भांडण होतं. मिस्टर म्हणतात, "याच अमेरिकेने नगरला येशू आणला, मग हे ख्रिस्ती राष्ट्र नाही तर काय? तिकडे आपण कायम मान खाली घालून राहिलो. इथे पहिल्यांदा आपण बहुसंख्य आहोत, तर तुला त्याचाही त्रास!" आणि गर्भपातावर पाळकांनी बोलायचंच नाही का, असंही विचारतात.

त्यात मुलाने कहर केला. सातवीत आहे. त्याच्या तेलुगू मित्राला म्हणाला, "तुमचा देव खोटा आहे, हा आमचा देश आहे." तो मित्र आता घरी येत नाही. त्याची आई भेटली की हसते, पण थांबत नाही.

चर्च सोडू का? आणि हे सगळं नगरला वडिलांना सांगू का? त्यांचं वय झालंय.

— टेक्सासची नगरकरीण

उत्तर

जय ख्रिस्त, नगरकरीण.

आधी पर्समधला फॉर्म. तो भरू नका, सही करू नका, आजींचं मन राखायला तर मुळीच नाही. त्यावर अगदी वर प्रश्न असतो, तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का? ग्रीन कार्डवाल्याने तिथे 'हो'वर खूण केली तर तो नागरिकत्वाचा खोटा दावा ठरतो, आणि त्यापायी लोकांना देशाबाहेर काढलेलं आहे. नागरिकत्वाच्या अर्जात, म्हणजे एन-४००मध्ये, सरळ विचारतात की तुम्ही कधी मतदार म्हणून नाव नोंदवलं होतं का, कधी मत दिलं होतं का. चर्चमध्ये एका बाईंनी दिला म्हणून भरला, हे उत्तर तिथे चालत नाही. याआधी असा एखादा कागद गर्दीत सही करून दिला असेल, तर एन-४००ला हात लावण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठा. आणि मिस्टरांना आज रात्रीच सांगा की टेबलावर फॉर्म देण्याआधी समोरच्याला "नागरिक आहात ना?" हे विचारायची सवय लावून घ्या. त्या लॉबीत तुमच्यासारख्या आणखी बायका असणार. हे ते ऐकतील. यात राजकारण नाही.

आता चर्चचं. माझं मत आत्ताच सांगते. आज सोडू नका. आणि पुढेमागे सोडलंच, तर पाळक राजकारण बोलतात या कारणासाठी सोडू नका.

अमेरिकेत पाळकांनी राजकारण बोलणं नवीन नाही, आणि ते फक्त एका बाजूचंही नाही. मार्टिन ल्यूथर किंग बॅप्टिस्ट पाळक होते, आणि अटलांटातल्या त्यांच्याच एबेनेझर चर्चचे आजचे पाळक राफाएल वॉर्नॉक डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर आहेत. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून निवडणुकीच्या दिवसांत उपासनेनंतर बसेस भरून थेट मतदान केंद्रावर जातात. गुलामगिरीविरुद्ध बोलले तेही पाळक, आणि बायबल उघडून गुलामगिरीचं समर्थन केलं तेही पाळकच. तेव्हा गर्भपाताबद्दल तुमच्या मिस्टरांचं म्हणणं रास्त आहे. ज्या माणसाला गर्भपात हे पाप वाटतं, त्याने ते पुलपिटवरून बोलू नये असं मी म्हणणार नाही. मी ख्रिस्ती नाही, या विषयावर माझं मतही तुमच्या पाळकांसारखं नाही. पण बोलण्याचा हक्क त्यांचा आहे.

प्रश्न त्या एका वाक्याचा आहे. त्या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही रागात त्या एकत्र केल्या आहेत.

पहिली गोष्ट उमेदवाराचं नाव. आपल्याकडे धर्माच्या नावावर मत मागितलं तर निवडणूकच रद्द होऊ शकते. विलेपार्ल्याची १९८७ची पोटनिवडणूक कोर्टाने याच कारणावरून रद्द केली, ती तुमच्या वडिलांना नक्की आठवत असेल. अमेरिकेत असा कायदा नाही. तिथे सगळा मामला करसवलतीचा आहे. टेक्सासचेच सिनेटर लिंडन जॉन्सन यांनी १९५४ साली कर कायद्यात एक दुरुस्ती घुसवली: करमुक्त संस्थांनी कुठल्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरुद्ध प्रचार करायचा नाही. चर्च त्यात आपोआप आलं. कागदावर नियम कडक, अंमलबजावणी जवळजवळ शून्य. १९९२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका चर्चने वर्तमानपत्रात क्लिंटनविरोधी जाहिरात दिली, त्याची सवलत गेली; पण अशी उदाहरणं शोधावी लागतात. आणि जुलै २०२५मध्ये कर खात्यानेच टेक्सासमधल्या एका खटल्यात कोर्टाला लिहून दिलं की उपासनेच्या ओघात पाळकाने आपल्या मंडळीसमोर श्रद्धेच्या नजरेतून निवडणुकीबद्दल बोलणं म्हणजे प्रचारात उतरणं नव्हे. तेव्हा कायद्याचं पुस्तक काखेत मारून पाळकांकडे जाऊ नका. तुमचा मुद्दा तिथल्या तिथे पडेल आणि मिस्टरांना आयतं कोलीत मिळेल.

दुसरी गोष्ट "खरा ख्रिस्ती". माझ्या मते तुम्हाला टोचलंय ते हे. उमेदवाराचं नाव घेणं फार तर आगाऊपणा झाला. पण कोण ख्रिस्ती आणि कोण नाही हे मतपत्रिकेवरून ठरवणं म्हणजे तारणाला एक नवी अट जोडणं, आणि ही अट तुमच्या बायबलमध्ये कुठेच नाही. हा आक्षेप तुम्ही ख्रिस्ती म्हणूनच घ्यायचा आहे. डेमोक्रॅट, स्थलांतरित, 'भारतातून आलेली' यांपैकी कशाचाही त्यासाठी आधार घ्यायची गरज नाही. २०२४च्या निवडणुकीत गोऱ्या इव्हँजेलिकल (बायबल आणि वैयक्तिक विश्वासावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) मतदारांपैकी दहातल्या आठांनी ट्रम्प यांना मत दिलं, आणि कृष्णवर्णीय प्रोटेस्टंटांपैकी जवळपास तितक्यांनीच विरुद्ध बाजूला. बायबल तेच, गाणी बरीचशी तीच. तुमच्या पाळकांच्या वाक्याने ते सगळे एका फटक्यात खोटे ख्रिस्ती झाले. त्यांना हे असंच म्हणायचं आहे का, हे विचारण्यासारखं आहे.

आणि ते इतिहासातलं वचन. "माझे नाम ज्यांना दिले आहे त्या माझ्या लोकांनी" नम्र होऊन प्रार्थना केली तर मी त्यांच्या देशाला बरं करीन, असा त्याचा आशय. शलमोनाने मंदिर अर्पण केल्यानंतर एका रात्री देव हे त्याला म्हणतो. बोलणं इस्राएलाशी चाललंय, दुष्काळ, टोळ आणि मरी यांच्याबद्दल. अमेरिकेच्या राजकारणात हे वचन इतकं रुळलंय की १९८१ साली रेगन यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली ती आईच्या बायबलचं हेच पान उघडून. पण त्या वचनात दुसऱ्यांना वठणीवर आणण्याबद्दल एक अक्षर नाही. जे आहे ते स्वतःची वाईट चाल सोडण्याबद्दल. तुमच्या वडिलांनी नगरला यावर उपदेश केलाच असेल. त्यांनी तो कोणाला उद्देशून केला होता, हे त्यांनाच विचारा. वडिलांकडे मी शेवटी येते.

आता मिस्टरांचं पहिलं म्हणणं: अमेरिकेने नगरला येशू आणला. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुमच्या घरातला सगळ्यात मोठा दारूगोळा तुमच्याच माहेरच्या इतिहासात पडलाय आणि तुम्ही दोघांनी तो उलटा धरलाय.

मराठी मिशन पाठवलं ते अमेरिकन सरकारने नव्हे. बोस्टनच्या बाजूच्या काही पाळकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या हट्टाने १८१० साली एक खाजगी मंडळ स्थापन झालं, तेच अमेरिकन बोर्ड. त्याला पैसा आला तो चर्चमधल्या दानातून. त्या मंडळाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. तेव्हा मुंबईवर राज्य कोणाचं होतं? ख्रिस्ती इंग्रजांचं. त्या ख्रिस्ती सरकारने या ख्रिस्ती मिशनऱ्यांना काय दिलं? परत जाण्याचा हुकूम. ब्रिटन आणि अमेरिकेचं युद्ध चालू होतं, आणि ईस्ट इंडिया कंपनीला धर्मप्रचारापेक्षा व्यापारातली शांतता प्यारी होती. दोघे कोचीनपर्यंत निसटले, तिथून त्यांना परत आणलं, अर्जविनंत्या झाल्या, आणि मग कंपनीची सनद बदलल्यावर त्यांना राहू दिलं. नगरचं ठाणं पडलं ते त्यानंतर, १८३१मध्ये. मिस्टरांना एवढंच विचारा: राज्यकर्ते ख्रिस्ती होते, त्याचा सुवार्तेला काय उपयोग झाला?

त्याहून गंमत पुढे आहे. हॉल आणि नॉट काँग्रिगेशनल पंथाचे. त्यांचं मंडळ जिथलं त्या मॅसॅच्युसेट्समध्ये हा पंथ त्या वेळी सरकारी होता. गावातल्या चर्चसाठी कर भरावा लागे, आणि ही पद्धत थेट १८३३पर्यंत चालली. म्हणजे नगरमध्ये मिशनचं काम सुरू झालं तेव्हाही बोस्टनकडे लोक चर्चचा कर भरतच होते! या कराविरुद्ध पिढ्यान् पिढ्या कोण भांडलं? बॅप्टिस्ट. १७७० साली ॲशफील्ड गावात हा कर न देणाऱ्या बॅप्टिस्टांच्या जमिनी लिलावात निघाल्या. व्हर्जिनियात तर सरकारी परवान्याशिवाय उपदेश केला म्हणून बॅप्टिस्ट उपदेशक तुरुंगात गेले. कनेटिकटमधल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्टांनी राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांना पत्र लिहून गाऱ्हाणं मांडलं, आणि १ जानेवारी १८०२ रोजी त्यांना जे उत्तर गेलं त्यातच चर्च आणि राज्य यांच्यामधल्या भिंतीचा तो प्रसिद्ध उल्लेख आहे. त्याच दिवशी जॉन लेलंड नावाचे बॅप्टिस्ट उपदेशक मॅसॅच्युसेट्समधल्या आपल्या चेशायर गावाचं चीज घेऊन राष्ट्राध्यक्षांच्या दारात उभे होते. १,२३५ पौंडांचा एक गोळा, म्हणजे साडेपाचशे किलोंच्या वर. धर्माच्या बाबतीत सरकारने हात बांधून बसावं म्हणणाऱ्या माणसाला बॅप्टिस्टांनी दिलेला हा आहेर.

ही भिंत नास्तिकांनी बांधली असं आज टेक्सासमधल्या अनेक चर्चमध्ये सांगतात. ती मागितली ती तुमच्या पाळकांच्या पूर्वजांनी, स्वतः मार खाल्ल्यावर. हे वाक्य पाळकांसमोर जपून वापरा, पण वापरा.

मग गाडी इकडे कशी वळली? थोडक्यात सांगते. व्हर्जिनियातल्या लिंचबर्गचे बॅप्टिस्ट पाळक जेरी फॉलवेल यांनी १९६५ साली, किंग यांचे मोर्चे चालू असताना, उपदेश केला की पाळकाचं काम आत्मे जिंकणं, राजकारण नव्हे. याच फॉलवेलनी १९७९ साली 'मॉरल मेजॉरिटी' काढली. चौदा वर्षांत काय झालं? सगळे गर्भपाताचं नाव घेतात. पण १९७१ साली सदर्न बॅप्टिस्टांच्या अधिवेशनाने स्वतःच ठराव केला होता की बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग, आईच्या प्रकृतीला धोका अशा प्रसंगी गर्भपाताला कायद्याने मुभा असावी. चळवळीचे एक मुख्य संघटक पॉल वायरिक पुढे स्वतः सांगायचे की पाळक खरे पेटले ते कर खात्याने खाजगी ख्रिस्ती शाळांच्या सवलतीला हात घातल्यावर. आणि त्यातल्या बऱ्याच शाळा गोऱ्या-काळ्या मुलांना एकत्र बसवायची वेळ आल्यावर निघालेल्या होत्या. गर्भपाताचा मुद्दा त्यानंतर पुढे आला. खोटा होता असं नाही, लाखो लोकांना तो मनापासून पटला. ऑगस्ट १९८०मध्ये तुमच्याच डॅलसमध्ये हजारो पाळकांसमोर तेव्हा उमेदवार असलेले रेगन म्हणाले, तुम्ही मला पाठिंबा देऊ शकत नाही हे मला ठाऊक आहे, पण मी तुम्हाला देतो. टाळ्यांचा कडकडाट. तुमच्या चर्चमधल्या त्या टाळ्या तेव्हापासून चालू आहेत म्हणा.

पाळकांची एक बाजूही लक्षात घ्या. नगरला पाळकसाहेबांची बदली होते, वर बिशप असतो, एखाद्या मंडळीशी फाटलं तर दुसरीकडे जातात. तुमच्या तिथलं चर्च स्वतंत्र. वर कोणी नाही. लोक आले तर पगार, लोक गेले तर कर्जाचा हप्ता थकला. आणि त्या भागात मैलभरात आणखी चार चर्च, जास्त मोठा स्क्रीन आणि जास्त गरम उपदेश असलेली. बरेच पाळक राजकारणात स्वतःहून उडी मारत नाहीत. आठवडाभर टीव्ही आणि मोबाइलवर तापून आलेली मंडळी रविवारी त्यांच्याकडे बघत बसते, आमच्या बाजूने बोलणार की नाही म्हणून. तुमचे पाळक यातले कोणते, पुढारी की ओढले गेलेले, हे मला इथून कळणार नाही. तुम्ही त्यांच्या समोर बसलात की अर्ध्या तासात कळेल.

म्हणून त्यांची वेळ मागा. ईमेलवर वाद नको, आणि बायबल स्टडीच्या ग्रुपवर तर नकोच. मिस्टरांना न सांगता जाऊ नका; सोबत यायला सांगा, नाही आले तर एकट्या जा. सुरुवात बाळंतपणातल्या त्या जेवणापासून करा, कारण ते खरं आहे. मग विचारा: माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईने दुसऱ्या पक्षाला मत दिलं तर प्रभुभोजनाला तिने पुढे यावं की नाही? एवढा एकच प्रश्न, आणि मग गप्प बसा. पाळक म्हणाले, "अर्थात यावं, मी ओघात बोललो," तर विनंती करा की हेच पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर सांगा. सांगितलं तर तुमचं चर्च तुमचंच आहे, उपदेश पटो न पटो. "येऊ नये" म्हणाले, किंवा उत्तर टाळून तुमच्या विश्वासाचीच झडती घ्यायला लागले, तर एल्डर मंडळींना भेटा. चर्चच्या घटनेची, म्हणजे नियमावलीची, प्रत मागा, मंडळीचा सभासद म्हणून ती मागता येते. तिथेही दार बंद असेल तर निघा. डॅलसच्या आसपास मल्याळी, तेलुगू मंडळ्या आहेत, आणि इंग्रजी उपासनेची अशीही चर्च आहेत जिथे उमेदवारांची नावं ऐकू येत नाहीत. बॅप्टिस्टांमध्येच २०१९पासून 'ख्रिस्ती राष्ट्रवादाविरुद्ध ख्रिस्ती' अशी उघड मोहीम आहे. तुम्ही एकट्या वेड्या नाही. पीआरआरआय या संस्थेच्या २०२३च्या पाहणीत ख्रिस्ती राष्ट्रवादाचे पक्के समर्थक आणि सहानुभूतीदार मिळून दहा अमेरिकनांत तीनच निघाले. उरलेल्या सातांत चर्चला जाणारे भरपूर आहेत.

आता घर. मिस्टर म्हणाले, इथे पहिल्यांदा आपण बहुसंख्य आहोत. नगरकरीण, या वाक्यावर भांडू नका. यामागे फार जुनं काहीतरी आहे. शाळेत आडनावावरून होणारी कुजबुज, भाड्याच्या घरासाठी खाल्लेले हेलपाटे, "म्हणजे तुम्ही बाटलेले का?" हा हसत विचारलेला प्रश्न. डॅलसमध्ये एका प्रचंड सभागृहात सगळे आपलंच गाणं गाताहेत, कोणी आपल्याला काही विचारत नाही, हा आराम माणूस सहजासहजी सोडत नाही. तो आराम खोटा आहे असं तुम्ही म्हणालात की ते दार लावून घेतील.

पण एक गोष्ट शांतपणे समोर ठेवा. २०२५च्या सप्टेंबरात टेक्सासमध्ये सिनेटच्या उमेदवारीच्या शर्यतीतल्या एकाने शुगरलँडच्या देवळातल्या नव्वद फुटी हनुमानाबद्दल जाहीर लिहिलं, खोट्या हिंदू देवाची ही खोटी मूर्ती आपण इथे का चालवून घेतो, आपण ख्रिस्ती राष्ट्र आहोत. मिस्टरांना तेव्हा बरं वाटलं असेल किंवा नसेल. पण ज्याला हनुमान खुपतो, तो पेट्रोल पंपावर तुमच्या मिस्टरांचा रंग बघून आधी त्यांचं चर्च विचारेल का? आणि दुसरं: आपण महाराष्ट्रात संविधानाच्या पंचविसाव्या कलमाचा आधार घेतो, सरकारने धर्मात पडू नये म्हणतो. तोच माणूस विमानातून उतरल्यावर उलटं कसं बोलतो, असं आपल्या इकडच्या लोकांनी विचारलं तर काय उत्तर द्यायचं? मुंबईत उतरल्यावर मिस्टर पुन्हा अल्पसंख्य असतील, आणि तुमचे वडील तर रोज असतात. हा प्रश्न टोमणा म्हणून टाकू नका. खरंच उत्तर हवंय असं विचारा. उत्तर लगेच येणार नाही, आणि आलं नाही तर लावून धरू नका. टेबल सोडा असंही आत्ता म्हणू नका. मतदार नोंदणी हे चांगलं काम आहे, फक्त नोंदणीसोबत उमेदवाराचा कागद हातात सरकवला जात नाही ना, एवढं ते स्वतः बघू शकतात.

मुलाचं मात्र आजच. त्याला ओरडून भागणार नाही, कारण तो जे बोलला ते त्याने मोठ्यांकडूनच उचललंय. २०२५मध्ये टेक्सासने कायदा केला, सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात दहा आज्ञा लावायच्या, सोळा बाय वीस इंचांचं पोस्टर. काही शाळा-जिल्ह्यांत न्यायाधीशांनी त्या वर्षी त्याला रोखलं, आणि कोर्टात गेलेल्या कुटुंबांत ज्यू होते, हिंदू होते आणि ख्रिस्तीही होते. मुलाच्या शाळेत ते पोस्टर असो वा नसो, वर्गात हवा कशी आहे हे तुम्हाला कळलंच आहे. त्याला मिशनमधल्या पणजोबांबद्दल सांगा. त्यांच्या वर्गात ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान सगळी मुलं बसायची, आणि गावात ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्या वेळी वर्गातलं कोणी "तुमचा देव खोटा, हा आमचा देश" म्हणालं असतं तर कसं वाटलं असतं, हे त्यालाच बोलू द्या. नंतर त्याला घेऊन त्या मित्राच्या घरी जा. फोनवर नको, मेसेजवर तर नाहीच. त्याच्या आईसमोर माफी त्याने मागायची, तुम्ही नाही. तुम्ही फक्त बरोबर उभ्या राहा. मुलाने येशू सोडावा असं यात काही नाही. माझा विश्वास खरा आहे असं मानणारा माणूस दुसऱ्याच्या घरी जाऊन माफी मागू शकतो, हे त्याला बाराव्या वर्षी कळलं तर बरंच आहे. ती बाई दारातून आत बोलावेल की नाही हे मी सांगू शकत नाही. नाही बोलावलं तर पुन्हा हसून निघा आणि मुलाच्या वाढदिवसाला बोलवा.

मिस्टर माफीला विरोध करतील असं वाटत असेल तर त्यांना आधी सांगा, विचारू नका.

आता वडील. सांगा त्यांना, सगळं सांगा. तुम्ही त्यांना जपताय, पण ज्या माणसाने आख्खा जन्म पाळक म्हणून काढला त्याने मंडळीतली भांडणं, फुटलेल्या समित्या आणि निवडणुकीच्या आधी चर्चच्या दारात गाड्या घेऊन आलेले पुढारी पाहिलेले असणार. तुमच्यापेक्षा जास्तच. फक्त त्यांना न्यायाधीश करू नका. "बाबा, यांना समजवा" असा फोन केलात तर जावई आणि सासरे दोघेही अडचणीत येतील. त्यांना पाळक म्हणून विचारा: उपदेशात कधी कोणाचं नाव घ्यावंसं वाटलं होतं का, आणि तेव्हा काय केलंत? फोन स्पीकरवर ठेवा, मिस्टर स्वयंपाकघरात असतील अशा वेळी. रविवारी तुमच्या सकाळी सात वाजता नगरला संध्याकाळचे साडेपाच-साडेसहा होतात, म्हणजे त्यांचा चहा झालेला असेल.

— ताई